फोनच्या पोटातील तलाठी दप्तर

मागच्या महिन्यात वडवणीला खालाजानच्या घरी मुक्काम पडला. मगरिबची नमाज आटोपून आम्ही चहाला बसतो न बसतो, तोच आतल्या खोलीतून त्यांच्या नातीचा रडवेला आवाज आला, "मामू, पुन्हा सगळा फॉर्म गेला!"

शिष्यवृत्तीचा अर्ज होता. नाव, पत्ता, आधार, बँकेचे खाते, उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक, मागच्या वर्षाचे गुण, असे सगळे पाऊण तास बसून भरायचे आणि शेवटी दाखल्याचा फोटो जोडायचा. पोरीने फोटो काढण्यासाठी कॅमेरा उघडला, फोटो काढला, परत अर्जावर आली, तर अर्ज कोरा. हे तिसऱ्यांदा झाले होते. मुदत दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत. घरात स्मार्टफोन एकच, तोही दोन जीबी रॅमचा, आणि सकाळ झाली की तिचा भाऊ तो कामावर घेऊन जाणार. भाऊ म्हणाला, नेट गेले असेल. नेट तर व्यवस्थित चालू होते. खालाजान म्हणाल्या, फोनला नजर लागली. पोरीला वाटत होते की आपलेच काहीतरी चुकते आहे.

तिचे काहीच चुकत नव्हते. फोनच्या आत जागेचा जो हिशेब ठेवला जातो, त्या हिशेबात तिच्या अर्जाची जागा काढून घेतली गेली होती. या सदरात या वेळी आम्ही वेगळेच काही लिहिणार होतो. तो विषय पुढच्या महिन्यावर टाकून हा हिशेब वाचकांपुढे मांडतो, कारण असा कोरा अर्ज फक्त वडवणीतल्या एका घरात निघत नसणार.

आधी एक शब्द. फोन किंवा संगणक चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तिच्या अगदी आतल्या भागाला 'कर्नल' म्हणतात. हा फौजेतला कर्नल नव्हे, बदामाच्या आतला मगज म्हणा. अँड्रॉइड फोनमध्ये हा मगज 'लिनक्स' नावाचा असतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला आणि पुढे जगभरच्या लोकांनी वाढवला. फोनमधली रॅम, म्हणजे कामाची तात्पुरती जागा, कोणत्या अॅपला किती आणि कुठे द्यायची हे तोच ठरवतो. गावात जमिनीच्या नोंदीसाठी जसा तलाठी, तसा फोनमध्ये कर्नल. ही तुलना आम्ही गमतीने करत नाही. दोघांची दप्तरे खरोखरच एकाच पद्धतीची निघतात.

आपल्याकडे जमिनीची नोंद दोन बाजूंनी पाहता येते. गाव नमुना आठ-अ, म्हणजे खाते उतारा. एका खातेदाराच्या नावावर गावात कोणकोणत्या गटांत किती जमीन आहे, ते त्यात दिसते. आणि सातबारा. त्यात एक गट घेतला की त्या गटावर कोणाकोणाची नावे आहेत ते दिसते. माणसाकडून जमिनीकडे जायचे तर आठ-अ, जमिनीकडून माणसाकडे जायचे तर सातबारा. ही दोन टोके लक्षात ठेवली की पुढचे सगळे सोपे आहे.

कर्नल रॅमचे सारख्या आकाराचे तुकडे पाडतो. अशा तुकड्याला 'पान' म्हणतात. एक पान बहुधा ४,०९६ बाइटांचे, म्हणजे ४ केबीचे. दोन जीबीच्या फोनमध्ये अशी ५,२४,२८८ पाने होतात. आता प्रत्येक अॅपला कर्नल काय सांगतो? "ही सलग जमीन सगळी तुझीच." ६४ बिटांच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एकेका अॅपला ५१२ जीबी एवढ्या पत्त्यांचा मुलूख कागदावर दिलेला असतो. फोनमध्ये आहेत दोन-चार जीबी! कागदावरच्या या जमिनीला आभासी मेमरी म्हणतात. अॅपच्या कागदावरचे अमुक पान रॅममधल्या कोणत्या खऱ्या पानावर आहे, हे ज्या तक्त्यात लिहिलेले असते त्याला 'पेज टेबल' म्हणतात. हाच त्या अॅपचा आठ-अ. प्रत्येक अॅपचा वेगळा.

तक्ता सरळ एका लांब यादीसारखा केला तर काय होईल ते हिशेब करून पाहण्यासारखे आहे. ५१२ जीबीच्या मुलखात ४ केबीची १३ कोटी ४२ लाखांवर पाने होतात. एका नोंदीला ८ बाइट लागतात. म्हणजे एकेका अॅपची नुसती यादीच १ जीबीची. दोन अॅप उघडली की फोन संपला. म्हणून तक्ता पायऱ्यांनी केलेला असतो. सातबारा पाहायला आपण संकेतस्थळावर जातो तेव्हा आधी जिल्हा बीड, मग तालुका वडवणी, मग गाव, मग गट क्रमांक असे निवडतो ना? तसेच. पहिल्या तक्त्यात ५१२ नोंदी, त्यातली एक नोंद दुसऱ्या तक्त्याकडे नेते, दुसऱ्यातली तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यात खऱ्या पानाचा पत्ता. शेवटचा आकडा त्या पानातली नेमकी जागा सांगतो, गावातला गट सांगावा तसा. ज्या 'जिल्ह्यात' अॅपची जमीनच नाही, त्या जिल्ह्याचे पुढचे तक्ते बनवावेच लागत नाहीत. सगळी बचत इथे होते. आणखी एक गंमत म्हणजे ५१२ नोंदी गुणिले ८ बाइट बरोबर ४,०९६ होतात, त्यामुळे तक्ता स्वतःही एका पानातच मावतो.

कागदावर मंजूर झालेली जमीन लगेच ताब्यात मात्र येत नाही. घरकुलाच्या यादीत नाव येणे वेगळे आणि हप्ता खात्यात पडणे वेगळे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कर्नलही मंजुरीची वही निराळी ठेवतो आणि ताब्याची निराळी. अॅपने जागा मागितली की मंजुरीच्या वहीत नोंद होते, पण पेज टेबलमध्ये ती जागा रिकामीच राहते. अॅप त्या जागेवर पहिल्यांदा पाऊल टाकते तेव्हा प्रोसेसर अडखळतो आणि कर्नलला हाक मारतो. कर्नल मंजुरीची वही पाहतो. मंजुरी असेल तर एक खरे पान काढून देतो आणि तक्त्यात नोंद करतो. नसेल तर अॅप तिथेच बंद. 'अॅप थांबले आहे' अशी पाटी आपण पाहतो, त्यामागे कधीकधी हेच असते.

ही युक्ती नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' नावाचा संगणक १९६० मध्ये चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. भारतात भारतीयांनी उभारलेला तो सुरुवातीचा मोठा संगणक. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची, शब्द ४० बिटांचा. म्हणजे १० केबी, आजच्या भाषेत अडीच पाने! त्या अडीच पानांत कोणता आकडा कोणत्या घरात ठेवायचा हे गणित मांडणाऱ्यालाच हाताने ठरवावे लागे. त्याच १९६२ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाचा 'अॅटलस' सुरू झाला आणि त्याने हे ओझे माणसाच्या डोक्यावरून उतरवले. त्याची मुख्य मेमरी ३२ पानांत विभागलेली होती आणि प्रत्येक खऱ्या पानाला एक छोटी नोंदपट्टी होती: 'सध्या माझ्यावर कागदावरचे अमुक पान आहे.' म्हणजे अॅटलसने सुरुवात सातबाऱ्यापासून केली होती. पुढे मेमरी वाढत गेली, लाखो पट्ट्या एकदम तपासणे शक्य राहिले नाही, आणि बहुतेक यंत्रे आठ-अ कडे, म्हणजे पेज टेबलकडे वळली.

लिनक्सचेही तसेच होते. २००१ च्या सुमाराच्या लिनक्समध्ये आठ-अ होता, पण धड सातबारा नव्हता. जागा द्यायला त्याने भागते. अडचण येते जागा परत घेताना. रॅम भरली आणि कर्नलला एक पान मोकळे करायचे आहे असे समजा. त्या पानावर कोणाकोणाची नावे आहेत? एक असेल, चाळीस असतील. कारण पाने सामाईक असतात. अँड्रॉइडमध्ये 'झायगोट' नावाचा एक मूळ कार्यक्रम आधी चालू होतो आणि बाकीची अॅप त्याच्यापासून वेगळी निघतात, एका वाड्यातून भावंडे वेगळी निघावीत तशी. वेगळी निघाली तरी आजोबांची बरीच जमीन सामाईकच राहते. एखाद्याने सामाईक पानावर काही लिहायला घेतले की तेवढ्या पानाची प्रत कर्नल त्याला करून देतो. (इथे मात्र आमची तुलना तुटते. जमिनीची अशी प्रत निघाली असती तर बीडच्या न्यायालयातले निम्मे दावे निकाली निघाले असते.) तर अशा सामाईक पानावरची नावे शोधायला जुन्या लिनक्सला प्रत्येक अॅपचा आठ-अ पहिल्या ओळीपासून चाळत बसावे लागे. एका गटाचे खातेदार शोधायला सगळ्या गावाची खाती वाचण्यासारखे ते काम होते.

२००२ मध्ये रिक व्हॅन रील या प्रोग्रॅमरने लिनक्सच्या विकास आवृत्तीत खऱ्या पानाला नावांची साखळी जोडली. लिनक्सचा सातबारा तयार झाला. इंग्रजीत याला 'रिव्हर्स मॅपिंग' म्हणतात, म्हणजे उलटी नोंद. पण ही साखळी महाग पडली. प्रत्येक पानावर प्रत्येक नाव लिहायचे म्हटल्यावर दप्तरच जमीन खाऊ लागले, आणि एखादा कार्यक्रम दुसऱ्याला जन्म देताना हजारो साखळ्यांत नावे चढवण्यात वेळ जाऊ लागला. २००४ मध्ये आंद्रेआ आर्कांजेली आणि ह्यू डिकिन्स यांच्या कामातून तोडगा निघाला. पानावर सगळी नावे लिहायचीच नाहीत. फक्त एक खूण ठेवायची, की हे पान अमुक फाईलचे किंवा अमुक कुटुंबाचे. नावे हवी असतील तेव्हा त्या खुणेवरून मंजुरीच्या वह्यांकडे जायचे आणि तिथून प्रत्येकाच्या तक्त्यापर्यंत. सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो आणि त्यावरून आपण जुना फेरफार काढून वारस शोधतो, तसेच हे झाले. शिवाय पानावर किती तक्त्यांत नोंद आहे याचा एक आकडा ठेवलेला असतो. ६४ बिटांच्या लिनक्समध्ये खऱ्या पानामागे साधारण ६४ बाइटांची ही नोंद असते. दोन जीबीच्या फोनमध्ये ३२ एमबी केवळ या दप्तरातच जातात. महाग वाटते, पण त्याशिवाय गत्यंतर नाही.

का नाही, ते सांगतो. पान काढून घेताना कर्नलला प्रत्येक नावाच्या तक्त्यातली नोंद खोडावी लागते. एक नाव जरी राहिले, तर तो राहिलेला खातेदार त्या पत्त्यावर जातच राहील, आणि तिथे तोवर दुसऱ्याच कोणाचा तरी मजकूर आलेला असेल. तुमच्या बँकेच्या अॅपचा मजकूर दुसऱ्या अॅपला दिसेल किंवा त्यावर खाडाखोड होईल. आमच्या घराघरांत वारसाची नोंद लावताना बहिणींची नावे 'राहून जातात'. शरीअतने नेमून दिलेला हिस्सा, फेरफाराची नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस, सगळे असूनही राहून जातात. कर्नलला अशी एकही बहीण विसरता येत नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, असा हुकूम देणारी सूरह बकरामधील आयत (२:२८२) ही कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत आहे. हे दप्तर वाचताना आम्हाला ती राहून राहून आठवत होती.

त्यातही आणखी एक धोका आहे, झेरॉक्सचा. प्रोसेसर दर वेळी तिन्ही पायऱ्यांचे तक्ते उघडून बसला तर कामच होणार नाही. म्हणून अलीकडे पाहिलेल्या नोंदी तो एका लहानशा चिठ्ठीवर टिपून ठेवतो. तिचे नाव टीएलबी. मूळ दप्तरात फेरफार झाला आणि चिठ्ठी जुनीच राहिली, तर? विकून टाकलेल्या जमिनीचा जुना उतारा दाखवून पुन्हा इसार घेणारे महाभाग आपण ऐकलेले आहेत. तसाच प्रकार होईल. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी तक्त्यातली नोंद खोडायची, मग फोनमधल्या सगळ्या प्रोसेसरांकडून ती जुनी चिठ्ठी रद्द करून घ्यायची, आणि त्यानंतरच पान दुसऱ्याला द्यायचे. यात उलटसुलट झाले तर ती सुरक्षेची गंभीर चूक ठरते. २०१८ च्या जानेवारीत 'मेल्टडाउन' नावाचा दोष जगापुढे आला, त्यात तर प्रोसेसर घाईघाईत कर्नलच्या स्वतःच्या राखीव पानांतला मजकूरही बाहेर डोकावू देत होता. उपाय म्हणून अॅप चालू असताना कर्नलची पाने तक्त्यातून जवळजवळ काढूनच टाकण्यात आली. फोन 'अपडेट' मागतो तेव्हा आपण 'नंतर' दाबतो. अशा दुरुस्त्या त्याच वाटेने येत असतात.

आता पोरीच्या अर्जाकडे येऊ. पाने दोन जातींची असतात. एक, ज्यांच्यामागे फाईल आहे. अॅपचा कार्यक्रम, चित्रे वगैरे. अशी पाने कर्नल बेधडक टाकून देतो, कारण लागली तर साठवणीतून पुन्हा वाचता येतात. दुसरी, ज्यांच्यामागे कोणतीच फाईल नाही. आपण आत्ता टाइप केलेला मजकूर अशा पानांत असतो. इंग्रजीत यांना 'अनॉनिमस' म्हणतात, मराठीत चक्क बेनामी! ही पाने टाकून देता येत नाहीत. म्हणून अँड्रॉइड त्यांना दाबून, घडी घालून रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवतो. तो कोपराही भरला की मग एखादे अॅपच संपवले जाते. कोणते? प्रत्येक अॅपला एक गुण दिलेला असतो. डोळ्यांपुढे उघडे असलेल्याला शून्य, मागे पडलेल्याला जास्त. ज्याचा गुण जास्त त्याची पाळी आधी.

पोरीने कॅमेरा उघडला, त्या क्षणी अर्ज असलेला ब्राउझर मागे गेला. कॅमेऱ्याला जागा खूप लागते. दोन जीबीत ती निघेना, म्हणून ब्राउझर संपवला गेला आणि त्याच्या बेनामी पानांसोबत पाऊण तासाची मेहनत गेली. परत आल्यावर ब्राउझरने संकेतस्थळावरून नवा कोरा अर्ज आणून दाखवला. अर्ज बनवणाऱ्यांनी दर टप्प्याला मजकूर जपून ठेवण्याची सोय केली असती तर हे टळले असते. दोन जीबीच्या फोनवर अर्ज भरणारी मुले आपल्या हिशेबात धरायची असतात, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

जाता जाता खरेदीबद्दल, कारण ईद जवळ आली की हा प्रश्न येतोच. दुकानात '४ + ४ जीबी' किंवा '८ + ८' असे सांगतात. त्यातला पहिला आकडा खऱ्या रॅमचा. दुसरा साठवणीतून उसनी घेतलेली जागा. बेनामी पाने तिथे नेऊन ठेवता येतात, त्यामुळे एखादे अॅप थोडे अधिक टिकते. पण साठवण रॅमपेक्षा फारच मंद असते आणि वारंवार लिहिल्याने झिजते. पैसे पहिल्याच आकड्याचे मोजावेत. 'रॅम साफ करा' म्हणणारी अॅप मात्र काढून टाकावीत. जागा कोणाची काढायची याचे दप्तर कर्नलकडे आहे, त्यांच्याकडे नाही. आणि पेज टेबल एका अॅपला दुसऱ्याच्या पानांत शिरू देत नाही हे खरे असले, तरी फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपणच स्क्रीन दाखवायला लागलो, तर त्यापुढे कोणताच तक्ता कामाचा नाही.

त्या रात्री इशाची नमाज झाल्यावर आम्ही पोरीजवळ बसलो. आधी सगळ्या कागदांचे फोटो काढून घेतले, मग कॅमेरा आणि बाकीची उघडी अॅप बंद केली. सगळी माहिती एका वहीत क्रमाने लिहिली आणि मगच ब्राउझर उघडला. फोटो जोडताना कॅमेरा न उघडता आधी काढलेला फोटोच निवडला. मध्ये भावाला फोन आला तेव्हा खालाजाननी तो उचलू दिला नाही. साडेदहाला अर्ज गेला. पोचपावतीचा क्रमांक पोरीने त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आणि फोन भावाच्या हातात दिला.